शेवट सोडून काहीही विचारा

(‘वाचक विचारतात’ या सदरात या महिन्याच्या उत्तरकर्त्या मिरजेत औषधांचं दुकान चालवतात आणि गेली अकरा वर्षं रहस्यकथा लिहितात. त्यांची चौथी कादंबरी नुकतीच आली. पुस्तक लिहून झाल्यावर ते लोकांपर्यंत नेताना काय काय होतं, यावर वाचकांनी प्रश्न पाठवले होते. प्रश्न आम्ही थोडे आखूड केले आहेत. उत्तरं बाईंनी आखूड करू दिली नाहीत. – संपादक)

लेखकाने लिहावं आणि गप्प बसावं, असं आमच्या पिढीला शिकवलं. आता लेखकच फोन करून ‘माझं पुस्तक आलंय’ म्हणतात. तुम्हाला संकोच वाटत नाही? – निवृत्त शिक्षक, परभणी

गुरुजी, वाटायचा. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तर इतका, की प्रकाशकांनी दिलेल्या शंभर प्रती मी पलंगाच्या पेटीत, जास्तीच्या गाद्यांखाली ठेवल्या होत्या. पाहुणे मुक्कामाला आले की गाद्यांसाठी पेटी उघडायची, एखादी आत्या ‘हे काय गं?’ म्हणायची आणि एक प्रत खपायची. खपायची म्हणजे फुकट जायची. दोन वर्षांत अशा एकतीस गेल्या. म्हणजे वाचक वाढवायचे तर पाहुणे वाढवायला हवे होते, आणि तेवढी भांडी आमच्याकडे नाहीत.

मला शहाणं केलं ते एका एमआरने. एमआर म्हणजे औषध कंपनीचा माणूस. डॉक्टरांच्या दारात दोन तास बॅग घेऊन बसतो तेव्हा त्याला आत दोन मिनिटं मिळतात. तिथून निघाला की आमच्या काउंटरवर येतो, ‘मॅडम, आपलं किती हललं?’ विचारायला. त्याने एकदा माझं पुस्तक मागच्या फळीवर, उघडं पाठमोरं पडलेलं पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, माल चांगला असेल, पण तुम्ही डिटेलिंगच करत नाही.’ मग मला स्टुलावर बसवून त्याने धडा दिला. पहिल्या वीस सेकंदांत कंपनीचं नाव काढायचं नाही, आपलं तर नाहीच. पेशंटला काय होतंय तेवढं सांगायचं आणि थांबायचं.

तेव्हापासून ‘मी लिहिलंय’ हे वाक्य मी टाकलं. कुणी पुस्तकाकडे बघितलं की एवढंच म्हणते, ‘मिरज जंक्शनवर पहाटे एक माणूस मेलेला सापडतो. खिशात तीन तिकिटं. तीन वेगळ्या गावांची, पण सुटायची वेळ एकच.’ आणि गोळ्या मोजायला लागते. दहातला एक तरी ‘मग?’ म्हणतो. पुस्तकं आता ओआरएसच्या पाकिटांशेजारी, पुढ्यात असतात.

आणि गुरुजी, हा काही आजचा बाजारूपणा नाही. इंग्रजीत डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स १९२२ ते १९३१ लंडनच्या बेन्सन जाहिरात कंपनीत नोकरी करत होत्या. गिनेस बिअरच्या जाहिरातींवर त्यांनी काम केलं, आणि त्याच वर्षांत त्यांच्या कादंबऱ्याही येत होत्या. बाईंना बिअर विकायची लाज वाटली नाही, मग मला माझंच पुस्तक विकायची का वाटावी?

कार्यक्रमात तुम्ही वाचून काय दाखवता? कवी कविता म्हणतात, कथाकथनवाले अख्खी कथा सांगतात. तुमचं तर सगळं शेवटात. – ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

या धंद्यातली खरी अडचण हीच आहे. तासभर बोलायचं आणि सांगायचं काहीच नाही. माहेरी आलेल्या मुलीने सासरच्या भांडणाबद्दल बोलावं तसं.

सुरुवातीला मी प्रेत सापडतं ते पान वाचायचे. लोक ऐकायचे, पण प्रेत सगळ्यांच्याच पुस्तकात सापडतं. आता मी नऊ मिनिटांचा उतारा वाचते, त्यात काहीच घडत नाही. माझे निवृत्त हवालदार मयताच्या घरी चहा घेतात, घरातली सून साखर विचारते, हवालदार भिंतीवरच्या वस्तू बघत बसतात. संपलं. आणि गंमत अशी, की महत्त्वाचा धागा मी त्याच नऊ मिनिटांत, सगळ्यांच्या तोंडावर वाचून दाखवलेला असतो. लोक सुनेकडे बघत असतात. महिन्याभराने फोन येतो, ‘अहो बाई, ते तर तुम्ही आम्हाला त्या दिवशी सांगितलंच होतं की!’ पुस्तक छापून आल्याचा होत नाही एवढा आनंद मला या फोनचा होतो.

पण सगळंच आपल्या हातात नसतं. गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी प्रकाशनोत्तर चर्चा होती. सत्तर खुर्च्या, माणसं बावीस, त्यातली चार हारतुऱ्याच्या व्यवस्थेतली. अध्यक्षांनी पुस्तक वाचलेलं होतं. एरवी अध्यक्ष मलपृष्ठ वाचतात, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. हे वाचून आले होते, खुणेच्या चिठ्ठ्या घालून. उभे राहिले आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाले, ‘धाकट्या दिराच्या हातून खून घडवून लेखिकेने आजच्या कुटुंबव्यवस्थेवर जे भाष्य केलं आहे...’

पुढचं भाष्य मला ऐकू आलं नाही. पंखा तेवढा ऐकू येत होता. पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, त्यांनी येतानाच टेबलावरून प्रत घेतली होती. त्यांनी ती मांडीवर उपडी ठेवली. कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आल्या आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाल्या, ‘ताई, दुसरं एखादं आहे का? ज्यात दीर नाही असं?’ त्या दिवशी नव्या कादंबरीची एकही प्रत गेली नाही, आधीच्या सहा गेल्या.

तेव्हापासून मी अध्यक्षांना आदल्या दिवशी फोन करते. ‘सर, खुनी सोडून कशावरही बोला.’ एका सरांनी ते मनावर घेतलं आणि खरंच कशावरही बोलले. पन्नास मिनिटं.

मी पोलीस खात्यातून निवृत्त आहे. तुमच्या कादंबरीत हवालदार ‘तीनशे दोन लागेल’ म्हणतो. आता ते कलम १०३ आहे. लेखकांनी एवढं तरी बघावं. – सोलापूर

साहेब, तुमचं पत्र वाचताना आधी छातीत धस्स झालं, मग पान नऊ काढून बघितलं. माझ्या गोष्टीतला खून मे २०२४ मध्ये होतो. भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, आणि गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचं कलम लागतं. तेव्हा तीनशे दोनच. खरं सांगायचं तर मी गोष्ट मुद्दाम मे महिन्यात बसवली. माझ्या हवालदारांची सगळी नोकरी तीनशे दोन म्हणण्यात गेली. त्यांच्या तोंडी एकशे तीन शोभेना. ४२० चं आता ३१८ झालंय, पण बाजारात कुणी कुणाला ‘अरे तीनशे अठरा!’ म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

तरी तुमच्यासारखे लोक कार्यक्रमाला येतात म्हणून मी सुधारले, हे कबूल करते. पहिल्या कादंबरीत शेवटच्या पानावर खुनी पोलीस चौकीत बसून रडतो आणि सगळं कबूल करतो. पडदा. मला ते फार छान वाटलं होतं. कोल्हापुरातल्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरांच्या वेळी मागून एक वकील उठले, चष्मा पुसत म्हणाले, ‘बाई, तुमचा खुनी सुटणार.’ सभागृह हसलं. मी पण हसले, कारण दुसरं काय करणार? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते २५ वं कलम होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात २३ वं आहे. म्हणजे दोनशे चाळीस पानं माझ्या हवालदारांनी जी वणवण केली, तिच्यातून कोर्टात टिकेल असं काहीच हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत शेवटची अकरा पानं नव्याने लिहिली. ते वकील आता माझं प्रत्येक हस्तलिखित छपाईआधी वाचतात आणि फी म्हणून एक किलो भडंग घेतात.

आता नवी डोकेदुखी. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. नागरिकांच्या दृष्टीने चांगलंच. पण माझे हवालदार अंगणात वाकून चपलेचा ठसा बघायचे, त्यांनी आता काय बघायचं? पुढची गोष्ट १९८९ सालात नेऊन ठेवावी असं मनात आहे.

औषधांचं दुकान तुमचं, पुस्तकात विषप्रयोग तुमचे. गिऱ्हाईक घाबरत नाही का? – कराड

एक काका दर महिन्याला बीपीच्या गोळ्या घेताना विचारतात, ‘आज काय मिसळलंय?’ अकरा वर्षं हाच विनोद. मी दर वेळी हसते, हाही मार्केटिंगचाच भाग आहे.

बाकी, मात्रा मी पुस्तकात कधीच खरी लिहीत नाही, आणि कार्यक्रमात कुणी फार बारकाईने विचारायला लागलं तर ‘ते प्रकाशकांना विचारा’ म्हणते. पण दुकानाचा उपयोग झाला तो वेगळाच. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ मधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या ठरावीक औषधांचं आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. केमिस्ट माणसाला या रजिस्टराचा जितका कंटाळा असतो तितका दुसऱ्या कशाचा नसतो. तिसऱ्या कादंबरीत मी खुनाचा उलगडा त्याच रजिस्टरातल्या एका ओळीवर टेकवला. आमच्या केमिस्ट मंडळींनी चाळीस प्रती घेतल्या. वर्तमानपत्रात परीक्षण आलं त्यातून किती गेल्या ते मला ठाऊक नाही, पण या चाळीस मी स्वतः बांधून दिल्या. कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या त्या वहीची दखल घेतली होती.

एका दिवसाचा खरा हिशोब सांगाल? लेखकाच्या हातात काय पडतं? – वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, लातूर

सांगते की. साताऱ्याला १ ते ४ जानेवारी २०२६ असं नव्व्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. मिरजेहून जवळ, म्हणून एक दिवस दुकान भाच्यावर टाकून मी शाहू स्टेडियमवर गेले आणि प्रकाशकांच्या गाळ्यात खुर्ची टाकून बसले. पुस्तकाची छापील किंमत ३२०. माझी रॉयल्टी छापील किमतीवर दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ३२ रुपये. मी बसले होते तेवढ्यात १९ प्रती गेल्या. झाले ६०८. आता खर्च. एसटी जाऊन येऊन २३० (बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यात भागलं), दोन्हीकडची रिक्षा १६०, जेवण १५०, चहा ४०. एकूण ५८०. निव्वळ नफा २८ रुपये, तोही लगेच नाही, प्रकाशकांचा वार्षिक हिशोब होईल तेव्हा. दुकान भाच्याने लवकर बंद केलं, तो तोटा यात धरलेला नाही.

बसून करायचं काय, तर लोक बघायचे. बहुतेक जण पुस्तक उचलून आधी किंमत बघतात, मग मुखपृष्ठ, मग मलपृष्ठावरचा फोटो, मग मला. फोटो दहा वर्षांपूर्वीचा असल्यामुळे इथे जरा वेळ जातो. दुपारी एक कॉलेजचा मुलगा आला. पाठीला सॅक, हातात उसाच्या रसाचा ग्लास. त्याने पुस्तक उचललं आणि सरळ शेवटचं पान उघडून वाचायला लागला. माझ्यादेखत! मी खुर्चीतून उठलेच, ‘अरे अरे, काय करतोस?’ तर म्हणाला, ‘मावशी, मी शेवट आधीच वाचतो. कोणी केलं ते कळलं की कसं केलं ते निवांत वाचता येतं.’ आणि त्याने घेतलं पुस्तक. ग्लास माझ्या हातात देऊन पैसे काढले. तो गेल्यावर तासभर मी विचार करत होते, की अध्यक्षांनी दिराचं नाव फोडलं तेव्हा हा मुलगा कुठे होता.

सही केलेली प्रत घरपोच मिळेल का? – बडोदा

मिळेल. प्रकाशकांकडे मागणी नोंदवा, नाव कसं लिहायचं ते कळवा, मी सही करून पाठवते. टपालखर्च मात्र पडेल. गेल्या वर्षी १ मे पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ काढलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. मी हरखून पाच पाकिटं घेऊन खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, ‘शैक्षणिक आहे?’ मी म्हटलं, नाही. ‘धार्मिक? सांस्कृतिक? सामाजिक?’ एक पाकीट उघडंच होतं, वर मुखपृष्ठावरचा सुरा दिसत होता. मी म्हटलं, ‘कौटुंबिक आहे.’ त्या हसल्या, मागच्या टेबलावरचे दोघे हसले आणि पाकिटं साध्या पार्सलने गेली. त्यांचं बरोबरच होतं. ती सवलत अभ्यासाच्या आणि तशा पुस्तकांसाठी आहे, सुऱ्यासाठी नाही.

माझी पहिली थरारकथा येते आहे. प्रकाशक म्हणतात रील कर. करू? – नागपूर

कर. माझ्या भाच्याने माझी एक केली, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, खालून टॉर्च मारून. दोन हजार जणांनी पाहिली. त्यातला एक दुकानात आला आणि पॅरासिटामॉल घेऊन गेला.

रीलपेक्षा एक सांगते. आपल्या गावच्या आणि आजूबाजूच्या वाचनालयांत स्वतः जा, ग्रंथपालांना नाव सांगून भेटा. दिवाळी अंकांत कथा द्या, मानधन कमी असलं तरी द्या. आपल्याकडे अनोळखी लेखकाला वाचक पहिल्यांदा तिथेच हात लावतो. आणि कुणी ‘तुमची पीडीएफ वाचली, ग्रुपवर आली होती, मस्त आहे’ असं तोंडावर सांगितलं तर काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

आमच्या तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं हातोहात जायची. त्यांना कुठे गाळ्यात बसावं लागलं? – वय ८१, गिरगाव

काका, त्यांचं गणितच निराळं. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे त्यातले नायक. झुंजारची संपवून ठेवायच्या आत काळापहाडची हातात पडत असेल तर जाहिरात कशाची करायची? पुढचं पुस्तक हीच मागच्याची जाहिरात. मला एकेका पुस्तकाला अडीच-तीन वर्षं लागतात. तेवढ्यात वाचकाचं लग्न होऊन जातं.

आमचे अण्णा वाचनालयातून ती पुस्तकं आणायचे आणि मी त्यांच्या आधी लपून वाचायचे. तेव्हा मी असेन दहा-अकरा वर्षांची. एकदा एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खुनी = डॉक्टर’. खाली ठसठशीत रेघ. मी रडले होते. अण्णांनी खोडरबर आणला, पण खोडून काय होणार, मला तर कळलं होतं. तरी ते म्हणाले, ‘आपल्यानंतर जो नेईल त्याच्यासाठी.’ आणि त्यांनी पान अगदी साफ केलं.

परवा त्याच वाचनालयात गेले होते. माझ्या पुस्तकाला हात लागतोय की नाही, हे मी मधूनमधून बघते. मागे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असतात. माझ्या तिसऱ्या पुस्तकावर चौदा शिक्के निघाले. उभ्या उभ्या चाळत होते तर पान सत्तेचाळीसवर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं – ‘हाच खुनी, पैज!’ बाण काढून नाव दाखवलेलं होतं. मला आधी अण्णांचा खोडरबर आठवला. मग नीट वाचलं. बाण कंपाउंडरकडे गेला होता.

कंपाउंडर नाही हो. मी पुस्तक होतं तसं फळीवर ठेवून आले.